कोह अंकलचे अकरा वाफे

"कलावंताला देश नसतो. सगळी पृथ्वी हाच त्याचा स्टुडिओ," असं पद्माकररावांनी परदेशात, मुलाच्या क्लेमेंटीतल्या बाराव्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी उभं राहून जाहीर केलं. मग खाली बसून त्यांनी सुनेला विचारलं, की क्रांजीकडे जायला बस कुठून मिळते आणि कार्डात बॅलन्स आहे का.

"पृथ्वीवर जाताना टोपी घ्या," त्यांच्या पत्नी शैलाताई आमटी वाढत म्हणाल्या. "आणि येताना कोथिंबीर आणा."

पद्माकरराव विट्याच्या हायस्कुलात चौतीस वर्षं ड्रॉइंग मास्तर होते. ड्रॉइंगचा तास म्हणजे गणिताच्या मास्तरांनी पोर्शन संपवायला मागून घ्यायचा तास, त्यामुळे स्वतःची चित्रं काढायला त्यांना वेळ भरपूर मिळाला. दोनेकशे जलरंगचित्रं तरी झाली असतील. एकही विकलं गेलं नव्हतं. सगळी लग्नात, वास्तुशांतीत आणि निरोपसमारंभात भेट गेली होती. इचलकरंजीच्या मेहुण्यानं त्यातलं एक मीटरबोर्ड झाकायला टांगलं होतं. रीडिंग घेणारा माणूस दर महिन्याला ते उचलून खाली ठेवायचा आणि परत लावायचा. पद्माकररावांच्या कलेला एवढा एकच नियमित प्रेक्षक लाभला होता.

त्यांची एक इच्छा राहिली होती. नात्यातला नाही, ओळखीचा नाही, भीड धरणारा नाही, अशा एका माणसानं आपल्या खिशातून पैसे काढून आपलं एक चित्र न्यावं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. शैलाताईंना माहीत होतं, कारण त्यांना न सांगितलेलंच जास्त माहीत असायचं.

आता संधी आली होती ती क्षिप्रामुळे. सून वन-नॉर्थच्या कुठल्याशा कंपनीत दिवसभर मीटिंगा घ्यायची आणि संध्याकाळी मराठी मंडळाच्या मीटिंगा घ्यायची. लोकांच्या काँडोंमध्ये, म्हणजे महागड्या फ्लॅटांमध्ये, पावसातल्या पॅरिसची छापील चित्रं पाहून ती वैतागली होती. मंडळानं डिसेंबरात हॉलमध्ये विक्री ठेवली: हातानं काढलेली अस्सल चित्रं, कुठलंही शंभर डॉलरच्या वर नाही.

"बाबा, एक टेबल तुमचं," क्षिप्रा म्हणाली होती. "पण विट्याची जुनी नकोत. इथली काढा. इथलं खेडं."

"इथं खेडं आहे?"

"थोडं उरलंय," मुलगा अनीश मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "क्रांजीकडे. लवकर जा."

दोन गाड्या आणि एक बस बदलून पद्माकरराव उतरले, तेव्हा पहिल्यांदा काही दिसलं नाही, वास आला. कोंबडीखताचा. शेणखताचा आला असता तर बरं झालं असतं, पण खत ते खत. चोवीस वर्षांनी नाक कामाला लागलं.

रस्त्याच्या कडेला जाळीचं फाटक उघडं होतं. आत लांबच लांब वाफे, पालेभाजी इंचाइंचाला उभी, कडेला पत्र्याची शेड, निळा प्लॅस्टिकचा ड्रम, आणि सगळ्यावरून गेलेल्या विजेच्या तारा. पद्माकररावांनी सावली बघितली, प्रकाशाची दिशा बघितली, घडीचं स्टूल उघडलं आणि बसले. कागदाला पाणी लावणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"अंकल."

बनियन आणि गमबूट घातलेला एक म्हातारा उभा होता. दोघांचीही सत्तरी दारात येऊन ठेपली होती.

"येस, अंकल," पद्माकरराव म्हणाले.

"काय करता?"

"पेंटिंग. लँडस्केप."

"पाइपवर बसला."

पद्माकरराव उठले. स्टुलाचा पाय पाण्याच्या पाइपवर होता आणि पलीकडच्या चार वाफ्यांचं पाणी बंद झालं होतं.

म्हाताऱ्याचं नाव कोह. तो इंग्लिश बोलायचा, पण क्रियापदं जपून वापरायचा. त्याची बायको दोन वाफे पलीकडे ओणवी होऊन गवत काढत होती. तिनं मान वर केली नाही.

"माझी बायको. इंग्लिश नाही," कोह म्हणाला, आणि मग अट सांगितली. "इथे बसायचं, ओके. आधी एक तास गवत."

"मी शिक्षक होतो," पद्माकरराव म्हणाले.

"गवताला चालतं."

बूट काढून, पँट दुमडून पद्माकरराव वाफ्याच्या कडेला उकिडवे बसले. गुडघ्यांनी दोन वेळा आवाज केला. कोहनं दिलेलं हत्यार खुरप्यासारखंच होतं, फक्त दांडा लांब. मुठीत आलं आणि मनगटाला आपोआप कोन सापडला. पातं जमिनीला जवळजवळ आडवं, मूळ सैल झालं की डाव्या हातानं उपसायचं, माती झटकायची आणि गवत मुळं वर करून उन्हात पालथं टाकायचं, म्हणजे परत धरत नाही. आई असं टाकायची. सरळ टाकलेलं दिसलं की पाठीत धपाटा बसायचा.

दहा-बारा हात वाफा झाल्यावर कुणीतरी थांबल्याची सावली पडली. कोहची बायको होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, पालथ्या टाकलेल्या गवताकडे पाहिलं. मुळं वर होती. तिनं एकदा मान हलवली आणि पुढं गेली. चौतीस वर्षांच्या नोकरीत एकाही हेडमास्तरानं एवढं केलं नव्हतं.

त्या रात्री पद्माकररावांना पाठीला आयोडेक्स चोळून घ्यावं लागलं.

"निसर्ग फार जवळून बघितलेला दिसतो," शैलाताई म्हणाल्या. "कोथिंबीर?"

"तिथं कोथिंबीर लावत नाहीत."

"मग कसलं शेत."

तीन आठवडे हेच चाललं. सकाळी एक तास गवत, कधी खत पसरायचं, कधी भाजीच्या जुड्या बांधायच्या, आणि मग चित्र. इथल्या हवेत जलरंग वाळता वाळत नाहीत हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. विट्याला आभाळाचा वॉश चहा येईपर्यंत सुकायचा. इथं बस दोनदा जाऊन यायची तरी कागद ओला. आणि जलरंगात एकदा घातलेलं काढता येत नाही, हे तर ते पोरांना चौतीस वर्षं सांगत आले होते. म्हणून ते बसून राहायचे, डास मारायचे आणि वाट बघायचे.

दुपारी शेडमध्ये तिघं जेवायचे. पद्माकरराव डब्यातली पोळी-भाजी, ते दोघं नूडल्स. एकदा कोहनं काड्यांनीच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे दाखवलं.

"थर्टी फर्स्ट, फिनिश. लीज संपली. जमीन सपाट करून परत."

"मग तुम्ही?"

"फ्लॅट. दहावा मजला."

"तिथं काय करणार?"

कोहनं नूडल्स संपवले, वाटी खाली ठेवली. "टीव्ही," तो म्हणाला.

पद्माकररावांना काहीतरी धीराचं बोलावंसं वाटलं. पण बाराव्या मजल्यावर राहून दहाव्या मजल्याबद्दल काय बोलायचं. त्यांनी विक्रीचं सांगितलं. मंडळाचा हॉल, तारीख, वेळ. "तुमचंच शेत असेल चित्रात. या."

चित्र पुरं झालं त्या संध्याकाळी त्यांनी ते टेबलावर टेकवून उभं केलं. शैलाताई मटार सोलत होत्या. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "हे क्रांजी?"

"हो."

"विहिरीचा कठडा डावीकडून ढासळलेला होता. तुम्ही उजवीकडून काढलाय."

पद्माकरराव चित्राकडे बघायला लागले. विहीर होती खरी. बांध होता, बांधावर बाभळ होती, मागं निळसर डोंगराची सोंड उतरली होती. विजेच्या तारा नव्हत्या. ड्रम नव्हता. भाजीचे वाफे होते, पण त्यांत ओणवी झालेली बाई नऊवारीचा काचा मारलेली होती.

"कलावंताला थोडं स्वातंत्र्य असतं," ते म्हणाले.

"असू दे की," शैलाताई म्हणाल्या. "सासूबाई छान आल्यात. बहात्तरच्या दुष्काळानंतर अशाच झाल्या होत्या म्हणे, काडीसारख्या."

विट्याजवळ, येरळा नदीच्या काठचं ते शेत. चोवीस वर्षांपूर्वी आई गेल्यावर भावांनी विकायचं काढलं. अनीशची पुण्यात इंजिनिअरिंगची ॲडमिशन झालेली, तेव्हा पद्माकररावांनीही सही केली. सही सुंदर आली होती. सब-रजिस्ट्रार म्हणाला होता, मास्तर, अक्षर काय आहे तुमचं. त्यानंतर त्यांनी त्या रस्त्यानं जायचं बंद केलं. हात मात्र जात होता, हे त्यांना आत्ता दिसलं.

विक्रीच्या दिवशी हॉल भरला होता. पद्माकररावांचं टेबल चकलीच्या स्टॉलशेजारी आलं. पहिल्या तासात तीन जणांनी थांबून चौकशी केली. तिघांनाही वॉशरूम हवं होतं. मग बँकेतले श्रीनिवास म्हणून कुणी आले. नवा काँडो, रिकामी भिंत. त्यांनी मोबाइलवर सोफ्याचा फोटो काढून चित्राशेजारी धरला.

"सोफा ग्रे आहे," ते म्हणाले. "यात ग्रे कुठे आहे?"

"पावसाळ्यात या," पद्माकरराव म्हणाले.

नंतर नीलिमा नावाच्या बाई आल्या. त्यांना चित्र मनापासून आवडलं. त्यांनी पर्ससुद्धा उघडली. "फक्त एक सांगा काका, पाणी कुठल्या दिशेला वाहतंय? आमची भिंत ईशान्येची आहे."

"उताराच्या दिशेला."

पर्स मिटली. चकलीची मात्र तीन पाकिटं गेली.

अनीश दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याचा हात खिशात होता आणि बरोबर ऑफिसातला एक अनोळखी मित्र होता. पद्माकररावांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. वर्गात मागच्या बाकावर कॉपी चालली की ते असंच बघायचे. अनीश हात बाहेर काढून चकली घ्यायला गेला.

साडेचारला दारातली गर्दी जरा बाजूला झाली. कोह आला होता. इस्त्रीचा शर्ट, आणि खाली गमबूट. मागं त्याची बायको, हातात भाजीची पिशवी. ते सरळ टेबलापाशी आले. चिठ्ठीवर साठ डॉलर लिहिलं होतं. कोहनं ते वाचलं आणि चित्राकडे बघायच्या आधीच शर्टाच्या खिशातून पैसे काढून हातात धरले.

पद्माकररावांनी चित्र उगाच सरळ केलं. नात्यातला नाही, भीड धरणारा तर नाहीच नाही.

कोह चित्र बघायला लागला. डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करून तो हळूहळू उजवीकडे गेला, जसा वाफा बघत जायचा तसा. मग त्याचं बोट विहिरीवर आलं.

"हे काय?"

"विहीर."

"हे?"

"डोंगर."

"माझ्याकडे डोंगर नाही."

"नाही."

"कुणाचं शेत?"

शेजारच्या स्टॉलवर कढईत चकली टाकल्याचा आवाज आला. पद्माकररावांना आठवलं, की कुठलंही उत्तर येत नसलं की पोरं पायाच्या अंगठ्याकडे बघायची. ते अंगठ्याकडे बघत होते.

"माझ्या वडिलांचं," ते म्हणाले.

"अजून आहे?"

"विकलं."

कोहनं पैसे परत खिशात ठेवले आणि खिशाचं बटण लावलं.

"चित्र छान," तो म्हणाला. "पण मी इथे नाही राहिलो, अंकल. मी तिथे राहिलो. बेचाळीस वर्षं." जरा थांबून तो म्हणाला, "माझं करा. सगळं. ड्रम पण. बुधवारनंतरच्या बुधवारी मशीन येणार. त्याच्या आधी."

तो वळला. त्याची बायको मात्र चित्रापाशीच उभी होती, नऊवारीतल्या बाईकडे बघत. कोहला तिला दोनदा हाक मारावी लागली. जाताना ती भाजीची पिशवी टेबलावर ठेवून गेली. त्या दिवशी पद्माकररावांच्या टेबलावर झालेला व्यवहार तेवढाच.

"म्हणजे घेतो म्हणाला का नाही म्हणाला?" रात्री अनीशनं विचारलं.

"नापास केलं," पद्माकरराव म्हणाले. "फेरपरीक्षा आहे."

अकरा दिवस होते आणि त्यातले आठ दिवस पाऊस होता. सकाळी उघडीप असायची, दुपारी दोनला आभाळ काळं व्हायचं आणि पाणी असं पडायचं, की शेडच्या पत्र्याखाली बोललेलं ऐकू येत नसे. पद्माकररावांनी छत्री सुतळीनं निळ्या ड्रमला बांधली आणि ड्रमकडे पाठ होईल असे बसले. मग लक्षात आलं, की असं बसलं तर ड्रम चित्रात येत नाही. छत्री सोडून शेडच्या खांबाला बांधली.

निवड करा, नको ते गाळा, असं ते पोरांना शिकवत आले होते. आता कोह रोज संध्याकाळी येऊन गाळलेलं शोधायचा. मोजणीला आलेल्या भूकरमापकासारखा तो कागदासमोर उभा राहायचा.

"वाफे अकरा. इथे दहा."

"शेवटचा झाडामागं जातो."

"जातो. पण आहे."

पद्माकररावांनी अकरावा वाफा झाडामागून थोडा बाहेर काढला. तुटक्या पाठीची प्लॅस्टिकची खुर्ची आली. शेडच्या पत्र्याला मारलेलं ठिगळ आलं. विजेच्या तारा आल्या, सहाच्या सहा. पाइपला जिथं जुनी रबरी पट्टी बांधली होती तिथून पाण्याची चूळ उडायची, तीही आली. आणि मधोमध, रोजच्या जागी, कोहची बायको आली. ती दिवसभर तिथंच असायची, पाठ पद्माकररावांकडे करून. फुलाफुलांची पँट, गमबूट, गवती टोपी. जसं दिसत होतं तसं त्यांनी घातलं. ऐसपैस दिसत होतं.

काम थांबलं नव्हतं. शेवटची भाजी काढायची होती, म्हणून सकाळचा एक तास तीन तासांवर गेला. चिखलात पाय रुतायचे, बोटांची टोकं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतायची. पद्माकररावांची जुडी आता कोहच्या जुडीच्या बरोबरीची बसायला लागली होती. एक दिवस शेवटच्या वाफ्यात गवत काढताना त्यांच्या मनात आलं, की दोन दिवसांनी इथं मशीन फिरणार, मग हे कशाला. त्यांनी कोहकडे बघितलं. कोह गवत काढत होता. तेही काढायला लागले, आणि मुळं वर करून टाकत गेले.

त्या रात्री त्यांनी शैलाताईंना सांगितलं, "विहीर, बाभळ काही नाही यात. नुसता ड्रम आणि तारा. पण गंमत बघ, काढताना तसंच वाटतं."

"कसं?"

"सही करायच्या आधी एकदा जाऊन बसायला हवं होतं तिथं. एक दिवस तरी."

शैलाताईंनी आयोडेक्सचं झाकण लावलं. "उद्या डबा दोघांचा जास्त देते," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडची भांडी बांधून झाली असतील."

बुधवारी पाऊस नव्हता. पिवळं मशीन लांबलचक ट्रेलरवरून आलं. ड्रायव्हरनं ते उतरवलं, आधी कॉफी प्यायला, मग मोबाइल बघितला. तेवढ्या वेळात चौघांनी मिळून सामान लॉरीत चढवलं, चौथा म्हणजे लॉरीवाला. खुर्ची घ्यायची की नाही यावर नवरा-बायकोत त्यांच्या भाषेत बोलणं झालं. खुर्ची घेतली.

मग पद्माकररावांनी पाठीवरच्या पिशवीतून चित्र काढून लॉरीच्या फळीला टेकवलं. सबंध आयुष्यात त्यांनी इतकं अनाकर्षक चित्र काढलं नव्हतं आणि कुठल्याच चित्राच्या निकालाची इतकी वाट पाहिली नव्हती.

कोह समोर उभा राहिला. बोट कागदापासून चार अंगुळं लांब धरून तो फिरवत गेला. ड्रम. पाइप, त्यावरची रबरी पट्टी, पाण्याची चूळ. खुर्ची. पत्र्याचं ठिगळ. मग वाफे, एकेक करून, ओठ हलवत. झाडामागच्या वाफ्यापाशी बोट थांबलं.

"अकरा," तो म्हणाला.

मागं मशीन सुरू झालं. त्यानं मान वळवून बघितलं. फाटकाजवळचा पहिला वाफा एकाच घासात गेला होता.

"आता दहा," कोह म्हणाला.

त्यानं खिशाचं बटण काढलं आणि साठ डॉलर पद्माकररावांच्या हातात ठेवले. हात दोघांचेही चिखलाचे होते. पद्माकररावांना एवढी वर्षं वाटत होतं, की या क्षणी आपण काहीतरी बोलू. त्यांनी बोलायचं वाक्यसुद्धा कधीकाळी तयार करून ठेवलं होतं. ते आठवेना. त्यांनी नोटा रंगपेटीत, पिवळ्या मातकट रंगाच्या खणाशेजारी ठेवल्या आणि पेटी मिटली. कोह डोळे पुसत होता की घाम, ते बघायचं नाही असं ठरवून ते ड्रमकडे बघत राहिले. कोह ड्रायव्हरला काहीतरी सांगायला फाटकाकडे चालत गेला, हळू, वाफ्यांवर पाय न देता.

लॉरीच्या मागून कोहची बायको आली. तिनं हात पँटला पुसले, चित्रासमोर वाकली आणि बराच वेळ मधोमध बघत राहिली. पद्माकररावांनी टोपी काढली. एवढ्या आठवड्यांत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

तिनं फाटकाकडे एक नजर टाकली. कोह लांब होता.

"अंकल," ती स्वच्छ इंग्लिशमध्ये म्हणाली.

"येस, आंटी?"

"त्या पहिल्या चित्रातली बाई बारीक होती." तिनं दोन्ही हात कमरेशी धरून जरा जवळ आणले. "मला तेवढी करून द्याल?"